यंत्राला हाताची खूण कशी कळते?

मनुष्याचे तोंड जितके बोलते, त्याहून त्याचे हात काही कमी बोलत नाहीत. वर्गात एक बोट वर झाले की गुरुजींचे लक्ष तिकडे जाते. चौकातील पोलिसाचा तळहात समोर आला की गाड्या थांबतात. पंचाने तर्जनी उभारली की फलंदाज निमूटपणे तंबूची वाट धरतो. बैलबाजारात उपरण्याखाली हात घालून व एकमेकांची बोटे दाबून मोठमोठे सौदे पुरे होत आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसास भावाचा पत्ताही लागत नसे. भरताच्या नाट्यशास्त्रात एका हाताने करावयाच्या २४ मुद्रा सांगितल्या आहेत. त्यांतील ‘पताक’ ही एकच मुद्रा घेतली, तरी प्रसंग बदलला की तिचा अर्थ बदलतो. हाताचा आकार तोच असतो. परंतु हात कोठे आहे, कसा हलतो आणि नर्तकाची दृष्टी कोठे आहे, ह्यांवरून प्रेक्षक अर्थ लावितो.

हाताची ही भाषा यंत्रालाही कळावी, असा प्रयत्न गेली कित्येक वर्षे चालू आहे. संगणकाला आज्ञा द्यावयाची म्हणजे कळफलकावरील अक्षरे दाबावयाची किंवा माउस फिरवावयाचा, हा परिपाठ आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु कशालाही स्पर्श न करता, केवळ हवेत हात हलवून पडद्यावरील चेंडू टोलविता येतो, चित्र मोठे करता येते किंवा पान उलटता येते. हा चमत्कार नव्हे. त्यामागे शाळेत शिकविले जाणारे भूमितीचे, गतीचे आणि प्रकाशाचे नियमच आहेत. ते नियम कसे उपयोगी पडतात, हे सांगण्याचा आमचा हेतू आहे. मात्र आरंभीच एक भेद लक्षात ठेवावा. हात कोठे आहे हे कळणे ही एक गोष्ट. हाताने कोणती आकृती धारण केली आहे हे कळणे ही दुसरी. आणि त्या आकृतीने मनुष्यास काय म्हणावयाचे आहे हे कळणे ही तिसरी. पहिल्या दोन पायऱ्या यंत्राने पुष्कळशा चढल्या आहेत. तिसरीवर ते अद्याप अडखळते.

पहिल्या पायरीचे सुंदर उदाहरण म्हणजे एक वाद्य होय. १९२० च्या सुमारास लिऑन थेरमिन ह्या रशियन शास्त्रज्ञाने ते शोधून काढले व त्याच्याच नावाने ते ओळखले जाते. ह्या वाद्याला तार नाही, पडदे नाहीत, की फुंकावयाची नळी नाही. पेटीवर धातूचे दोन दांडे असतात. वादक एका दांड्याजवळ हात नेतो, तेव्हा सूर चढतो किंवा उतरतो; दुसऱ्याजवळ नेतो, तेव्हा आवाज लहान-मोठा होतो. मनुष्याचे शरीर वीजवाहक असल्यामुळे हात जवळ आला की विद्युत् मंडलातील आंदोलनांची वारंवारता किंचित बदलते आणि तो बदल ध्वनिरूपाने ऐकू येतो. परंतु ह्या वाद्याला हात म्हणजे काय, ह्याची काहीच कल्पना नाही. हाताऐवजी धातूचे पातेले पुढे केले, तरी सूर हा बदलणारच. येथे मापन आहे, ओळख नाही.

बोटांची हालचाल संगणकापर्यंत नेण्याचा पहिला मार्ग हातमोज्यांचा. १९७७ साली अमेरिकेत शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात टॉमस डिफँटी आणि डॅनियल सँडिन ह्यांनी एक हातमोजा तयार केला. त्याच्या बोटांवरून लवचीक नळ्या नेल्या होत्या. नळीच्या एका टोकास दिवा आणि दुसऱ्या टोकास प्रकाश मोजणारा घटक. बोट सरळ असले की प्रकाश पुरेपूर पोहोचे. बोट वाकले की नळी वाके आणि प्रकाश कमी होई. प्रकाश किती घटला ह्यावरून बोट किती वाकले, ह्याचा हिशेब होई. पुढे १९८९ साली निन्टेंडो कंपनीच्या व्हिडिओ गेमसाठी ‘पॉवर ग्लव्ह’ नावाचा हातमोजा अमेरिकेत विक्रीस आला. त्यात करंगळी सोडून बाकीच्या चार बोटांचे वाकणे मोजले जाई आणि प्रत्येक बोटाच्या वाकण्याच्या अवघ्या चार पायऱ्या धरल्या होत्या. म्हणजे चार गुणिले चार गुणिले चार गुणिले चार, अशा फक्त २५६ अवस्था त्या हातमोज्यास ठाऊक होत्या. एका हातात २७ हाडे असतात. त्यांच्या असंख्य हालचाली २५६ खणांत कोंबावयाच्या, म्हणजे घागरीत नदी भरण्यासारखेच झाले. खेळणाऱ्यांना तो अवघड वाटला आणि त्याचा बोलबाला लवकरच ओसरला.

त्याच सुमारास दुसऱ्या एका प्रयोगाने वेगळी दिशा दाखविली होती. १९८० साली अमेरिकेतील एम. आय. टी. ह्या संस्थेत रिचर्ड बोल्ट ह्यांनी भिंतीएवढ्या पडद्यासमोर खुर्ची मांडली. खुर्चीत बसलेला मनुष्य पडद्यावरील एखाद्या आकृतीकडे हात करी आणि म्हणे, ‘ते तिकडे ठेव.’ हाताला बांधलेल्या चुंबकीय मापकामुळे हाताचा रोख संगणकाला कळे आणि बोललेले मोजके शब्दही कळत. ह्या वाक्यातील ‘ते’ आणि ‘तिकडे’ ह्या शब्दांना बोट दाखविल्यावाचून काहीच अर्थ नाही. आणि नुसते बोट दाखविले, तर काय करावयाचे ते कळत नाही. शब्द व खूण एकत्र आल्यावरच पुरता अर्थ निघतो. हा साधा धडा पुढील संशोधकांना फार मोलाचा ठरला.

आता ज्या साधनांमुळे हालचालींचे खेळ घरोघरी पोहोचले, त्यांकडे वळू. नोव्हेंबर २००६ मध्ये निन्टेंडोने ‘विई’ नावाचे खेळयंत्र बाजारात आणले. त्याबरोबर मिळणारी हातात धरावयाची कांडी ही त्याची खरी नवलाई. ही कांडी टेनिसच्या रॅकेटप्रमाणे फिरविली की पडद्यावरील रॅकेट फिरे. पुढील काही वर्षांत हे यंत्र १० कोटींहून अधिक संख्येने विकले गेले.

कांडीच्या पोटात त्वरणमापक नावाचा एक चिमुकला भाग होता. बसने एकाएकी वेग घेतला म्हणजे आपण मागे रेलतो आणि चालकाने ब्रेक दाबला म्हणजे पुढे झुकतो. त्वरणमापकाचे तत्त्व हेच. त्यात सिलिकॉनच्या अत्यंत बारीक स्प्रिंगांवर एक सूक्ष्म वस्तुमान अधांतरी धरलेले असते. कांडीला हिसका बसला की ते किंचित सरकते आणि त्याच्या सरकण्यामुळे होणारा विद्युत् बदल मोजला जातो. कांडी टेबलावर स्वस्थ पडलेली असली, तरी त्या वस्तुमानावर गुरुत्वाकर्षण कार्य करीतच असते. म्हणून खालची दिशा कोणती आणि कांडी किती कललेली आहे, हेही त्यावरून समजते.

येथे हुशार विद्यार्थी विचारील, की त्वरण कळले म्हणजे वेग काढता येतो आणि वेगावरून अंतर काढता येते; मग हाताची जागा अचूक का सांगता येऊ नये? गणित बरोबर आहे. परंतु मापनातील क्षुल्लक चूक ह्या गणितात भराभर वाढत जाते. समजा, त्वरण मोजण्यात दर सेकंदाच्या वर्गास ०.०१ मीटर एवढीच चूक आहे. चुकीमुळे पडणारे अंतर म्हणजे त्या चुकीची निमपट गुणिले काळाचा वर्ग. १० सेकंदांनी ते ०.५ मीटर होते आणि एका मिनिटाने १८ मीटर! हात जागचा हलला नसला, तरी यंत्राच्या हिशेबी तो शेजाऱ्याच्या अंगणात पोहोचलेला असतो.

ह्यावर तोड म्हणून कांडीच्या टोकाशी अवरक्त प्रकाश पाहणारा एक छोटा कॅमेरा बसविला होता. दूरचित्रवाणीच्या पडद्याजवळ एक पट्टी ठेवावी लागे. तिला ‘सेन्सर बार’, म्हणजे संवेदक पट्टी, असे नाव असले, तरी तिला स्वतःला काहीच समजत नसे. तिच्या दोन टोकांना डोळ्यांना न दिसणारे अवरक्त दिवे होते, इतकेच. दोन्ही दिव्यांतील खरे अंतर ठाऊक असल्यामुळे कॅमेऱ्याला ते किती जवळजवळ दिसतात, ह्यावरून कांडी पडद्यापासून किती दूर आहे हे निघे. आणि ते चित्रात कोठे दिसतात, ह्यावरून कांडीचा रोख कळे. दीपस्तंभ पाहून नावाडी आपली जागा ठरवितो, त्याचीच ही लहानशी आवृत्ती. २००९ साली कांडीला घूर्णदर्शीचीही जोड मिळाली. त्यात सतत कंप पावणारा एक सूक्ष्म तुकडा असतो. कांडी वळली की तो बाजूस ढकलला जातो आणि वळण्याचा वेग मोजता येतो.

इतके असूनही खेळणाऱ्या मुलांनी एक गोष्ट लवकरच हेरली. टेनिससाठी सगळा हात फिरविण्याची गरज नव्हती. खुर्चीत बसून मनगटाला नुसता झटका दिला, तरी पडद्यावरील खेळाडू जोरदार फटका मारी. यंत्र हात पाहत नव्हते. ते कांडीचे हिसके मोजून त्यांवरून फटक्याचा तर्क करीत होते.

हातात काहीही न धरता खेळावयाचे असेल, तर यंत्राला डोळे हवेत. २००३ साली सोनी कंपनीने आपल्या खेळयंत्रासाठी साधा कॅमेरा आणला होता. परंतु साध्या चित्रात एक मोठी उणीव असते. त्यात लांबी व रुंदी असते, खोली नसते. छातीसमोर धरलेला हात कोठे संपतो आणि अंगातील सदरा कोठे सुरू होतो, हे रंगावरूनच ठरवावे लागते. त्वचेच्या रंगावरून हात शोधण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. पण सायंकाळच्या पिवळ्या दिव्यात तोच हात वेगळ्या रंगाचा दिसतो. गोरे, सावळे, काळे असे मनुष्याच्या वर्णाचे भेद तर सर्वश्रुतच आहेत. शिवाय मागील लाकडी कपाटही हाताच्याच रंगाचे असू शकते.

खोली कशी कळावी, ह्याचे उत्तर आपल्या दोन डोळ्यांत आहे. एक बोट नाकासमोर वीतभर अंतरावर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. मागील भिंतीच्या मानाने बोट डावी-उजवीकडे उडी मारताना दिसेल. आता हात लांब करून तोच प्रयोग करा. उडी लहान झालेली आढळेल. वस्तू जितकी जवळ, तितकी उडी मोठी. दोन डोळ्यांतील अंतर आणि उडीचे माप कळले, की त्रिकोणाच्या साहाय्याने वस्तूचे अंतर काढता येते. मोजणीदार नदी न ओलांडता तिच्या पात्राची रुंदी काढतो, ती ह्याच रीतीने.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने ४ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेत विक्रीस आणलेल्या ‘किनेक्ट’ ह्या उपकरणात हेच तत्त्व थोडे पालटून वापरले होते. मूळ युक्ती इस्राएलमधील प्राइमसेन्स ह्या कंपनीची. एका डोळ्याच्या जागी अवरक्त प्रकाशाचे हजारो ठिपके खोलीभर फेकणारा प्रक्षेपक आणि दुसऱ्या डोळ्याच्या जागी ते ठिपके पाहणारा कॅमेरा. ठिपक्यांची रांगोळी कशी आहे, हे यंत्राला आधीच ठाऊक असे. एखादा ठिपका अपेक्षित जागेपासून किती सरकला, ह्यावरून तो ज्या वस्तूवर पडला तिचे अंतर निघे. असे खोलीचे चित्र सेकंदास ३० वेळा तयार होई. गिनेस बुकाच्या नोंदीप्रमाणे पहिल्या ६० दिवसांत ८० लक्ष किनेक्ट विकले गेले. २०१३ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत पद्धत बदलली. तीत प्रकाशाला जाऊन परत येण्यास किती वेळ लागतो, हे मोजले जाई. प्रकाश सेकंदाच्या एक अब्जांश भागात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. दीड मीटर दूर असलेल्या हातावर आपटून तो परत येतो, तेव्हा सेकंदाचे अवघे दहा अब्जांश भाग लोटलेले असतात. एवढा सूक्ष्म काळ मोजणारे उपकरण दिवाणखान्यात येऊन बसले, ही सामान्य गोष्ट नव्हे.

अंतराचे चित्र हाती आले, तरी ते म्हणजे अंकांचा ढीगच. ह्या ढिगात हात कोणता आणि गुडघा कोणता? केंब्रिज येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ह्यासाठी योजिलेली रीत २०११ साली प्रसिद्ध झाली. ती समजावयास मुलांचा वीस प्रश्नांचा खेळ आठवावा. एकाने मनात वस्तू धरावयाची आणि इतरांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्याच उत्तराचे प्रश्न विचारीत ती ओळखावयाची. यंत्रही चित्रातील प्रत्येक ठिपक्यास असेच प्रश्न विचारी: ‘तुझ्या थोडे वर पाहिले, तर तेथील अंतर एकदम वाढते का?’ वाढत असेल, तर तो ठिपका डोक्याच्या माथ्यावरचा असू शकेल. ‘तुझ्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंस लगेच पोकळी आहे का?’ असेल, तर तो हातासारख्या बारीक अवयवावरचा असेल. असे जास्तीत जास्त २० प्रश्न झाले की ठिपका शरीराच्या ३१ भागांपैकी कोणत्या भागाचा, ह्याचा कौल मिळे. कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत, हे मात्र माणसाने सांगितलेले नव्हते. संगणकाने स्वतः तयार केलेली सुमारे १० लक्ष चित्रे त्याच्यापुढे ठेवून, त्यांवरून ते त्याचे त्यानेच शिकावे, अशी व्यवस्था केली होती. यंत्राला उदाहरणांवरून शिकविण्याची ही पद्धत आज सर्वत्र रूढ झाली आहे.

मात्र किनेक्ट सबंध देह पाहण्यासाठी केलेला होता; दूरवरून त्याला बोटे नीट दिसत नसत. बोटांपर्यंत पोहोचण्याचे काम पुढे झाले. २०१३ साली ‘लीप मोशन’ नावाचे काडेपेटीहून थोडे मोठे उपकरण आले. ते टेबलावर ठेवून वर हात धरला की दोन अवरक्त कॅमेरे दहाही बोटांचा मागोवा घेत. नंतर २०१९ साली गूगल कंपनीच्या संशोधकांनी अशी रीत प्रसिद्ध केली, की तिला खोली मोजणाऱ्या कॅमेऱ्याचीही गरज नाही. भ्रमणध्वनीचा साधा कॅमेरा पुरतो. तीत यंत्र प्रथम बोटे शोधीत नाही, तळहात शोधते. कारण बोटे शंभर प्रकारे वाकतात, पण तळहाताचा आकार फारसा बदलत नाही. तळहात सापडला की त्यावर २१ बिंदू बसविले जातात: मनगटाचा एक आणि पाच बोटांचे प्रत्येकी चार. हे बिंदू कोठे असावेत, हे शिकविण्यासाठी माणसांनी सुमारे ३० हजार छायाचित्रांवर बसून खुणा केल्या होत्या. बोट दुसऱ्या बोटाआड लपले, तर यंत्र ते पाहत नाही. आजवर पाहिलेल्या हातांवरून ते कोठे असावे, ह्याचा अदमास घेते.

ह्या वाटचालीत आपल्या देशाशी संबंध असलेल्या दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. पहिली प्रणव मिस्त्री ह्यांची. गुजरातेतील पालनपूरचे हे संशोधक मुंबईच्या आय. आय. टी. मधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकले. २००९ साली एम. आय. टी. मध्ये असताना त्यांनी ‘सिक्स्थ सेन्स’ नावाची योजना जगापुढे मांडली. गळ्यात एक कॅमेरा आणि छोटा प्रक्षेपक अडकवावयाचा, बोटांच्या टोकांना रंगीत टोप्या घालावयाच्या आणि समोरच्या भिंतीवर उमटलेले चित्र बोटांनी हलवावयाचे. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली की छायाचित्र निघे. हात ओळखण्याच्या कठीण प्रश्नाला रंगीत टोप्यांनी किती स्वस्तात बगल दिली होती पाहा! दुसरी गोष्ट त्याच्या उलट आहे. गूगलने २०१९ साली ‘पिक्सेल ४’ ह्या भ्रमणध्वनीत हाताची हालचाल टिपणारे एक इवलेसे रडार बसविले. ते ६० गिगाहर्ट्झ वारंवारतेवर चाले आणि भारतात त्या लहरींचा असा वापर करण्यास त्या वेळी परवानगी नव्हती. म्हणून तो भ्रमणध्वनी भारतात विक्रीस आलाच नाही.

आता हाताची आकृती कळली असे धरू. तथापि खूण म्हणजे नुसती आकृती नव्हे. ती काळात घडते. निरोपाचा हात एक जण सावकाश हलवितो, दुसरा लगबगीने. गवयाने एकच चीज विलंबित लयीत म्हटली किंवा द्रुत लयीत म्हटली, तरी श्रोता ती ओळखतो. कारण तो स्वरांचा क्रम पाहतो, घड्याळ पाहत नाही. यंत्रालाही तसेच शिकवावे लागते. नोंदवून ठेवलेली हालचाल आणि समोर घडणारी हालचाल ह्यांपैकी एक आवश्यक तेथे ताणून, आवश्यक तेथे आखडून, दोन्ही जुळतात का ते पाहावे लागते. उच्चारलेले शब्द ओळखण्यासाठी ही युक्ती १९७० च्या दशकातच वापरली जाऊ लागली होती.

आणि येथेच ती तिसरी, अवघड पायरी येते. कळफलक मुका असतो. कळ दाबली नाही, तर तो काही ऐकत नाही. कॅमेरा मात्र सदैव पाहत असतो. खेळणारा नाक खाजवितो, केस मागे सारतो, मित्राशी बोलताना हातवारे करतो. ह्यांतील आज्ञा कोणती आणि सहज झालेली हालचाल कोणती? ‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. थोडा हिशेब करून पाहा. यंत्र सेकंदास ३० वेळा हात तपासते, म्हणजे तासाला १,०८,००० वेळा. दर दहा हजार तपासण्यांत ते एकदाच चुकते असे मानले, तरी तासाला दहा-अकरा वेळा न दिलेली आज्ञा पाळली जाईल! परीक्षेत दहा हजारांत एकच चूक करणाऱ्या विद्यार्थ्यास आपण डोक्यावर घेऊ. परंतु दर पाच-सहा मिनिटांनी आपोआप पान उलटणारे पुस्तक कोणी हातात धरणार नाही.

म्हणून यंत्रकारांनी नाना तोडगे काढले. किनेक्टचे लक्ष वेधण्यासाठी आधी हात हलवावा लागे आणि पडद्यावरील बटण निवडण्यासाठी हात त्यावर काही क्षण स्थिर धरावा लागे. अलीकडील डोळ्यांवर चढवावयाच्या उपकरणांत अंगठा व तर्जनी ह्यांची चिमूट ही खूण पत्करली गेली आहे. ही निवड शहाणपणाची आहे. चिमूट नकळत फारशी होत नाही, यंत्राला ती स्पष्ट दिसते आणि बोटास बोट लागल्याने आज्ञा दिल्याची जाणीव आपल्यालाही होते. हात मांडीवर ठेवूनही ती करता येते, हा आणखी एक लाभ. कारण हवेत उचललेला हात लवकरच भरून येतो. अभियंत्यांनी ह्या शिणवट्याला गमतीने ‘गोरिल्लाचा बाहू’ असे नाव दिले आहे. किनेक्टचे उत्पादन २०१७ साली थांबले. ज्या उपकरणाने विक्रीचा विक्रम केला, ते सात वर्षांत मागे पडले. कौतुकाने घेतलेले प्रत्येक साधन नित्याचे होतेच, असे नाही.

मग हा सारा खटाटोप केवळ खेळासाठीच काय? तसे नाही. शस्त्रक्रिया चालू असताना शल्यविशारदाचे हात निर्जंतुक ठेवावे लागतात; रुग्णाची क्ष-किरण चित्रे पाहण्यासाठी त्यांना माउसला स्पर्श करता येत नाही. कॅनडातील टोरांटो येथील सनीब्रुक रुग्णालयात २०११ साली शस्त्रवैद्यांनी किनेक्ट वापरून, हवेत हात हलवून ही चित्रे पाहिली. स्पर्श न करणे ही खेळात गंमत होती. तेथे ती गरज होती.

ह्याहूनही मोठी आशा कर्णबधिर व्यक्तींच्या सांकेतिक भाषेविषयी बाळगली जाते. हाताच्या खुणा ओळखून यंत्राने त्या वाचून दाखविल्या, तर किती उपकार होतील, असे कोणासही वाटेल. परंतु येथे फार जपून पाऊल टाकावे लागते. सांकेतिक भाषा म्हणजे हातवाऱ्यांनी केलेली बोलीभाषेची नक्कल नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. विल्यम स्टोको ह्या अमेरिकन विद्वानाने हे १९६० सालीच दाखवून दिले. तीत भुवया उंचावल्याने विधानाचा प्रश्न होतो. मान, ओठ, खांदे आणि नजर ह्यांनाही अर्थ असतो. २०१६ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी खुणांचे शब्द करणारे हातमोजे तयार केले व त्यांना पारितोषिकही मिळाले. परंतु त्याच विद्यापीठातील भाषाशास्त्राच्या व सांकेतिक भाषेच्या अध्यापकांनी पत्र लिहून दाखवून दिले, की हातमोज्यांना चेहरा दिसत नाही; आणि चेहरा वगळला तर भाषेचा मोठा भाग हरवतो. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ साली दिल्ली येथे राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि तिने सिद्ध केलेल्या कोशाच्या २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्द आले. अशा कोशावाचून आणि ती भाषा जन्मापासून वापरणाऱ्यांच्या साहाय्यावाचून कोणतेही यंत्र ही भाषा शिकू शकणार नाही.

यंत्र उदाहरणांवरून शिकते, हे वर आलेच आहे. त्याला जे हात दाखविले, तेच त्याच्या मते हात. ज्या चित्रांवरून ते शिकले त्यांत मेंदीने रंगलेले हात नसतील, बांगड्यांनी भरलेली मनगटे नसतील, चिखलात राबून राठ झालेले किंवा यंत्रात एखादे बोट गमावलेले हात नसतील, तर असा हात समोर येताच ते गोंधळण्याचा संभव आहे. खुणांचेही तसेच. आपण कोणास बोलाविताना तळहात खाली करून बोटे हलवितो. अमेरिकेतील मनुष्य तळहात वर करून बोलावितो. ज्या यंत्रास एकच रीत शिकविली, ते दुसऱ्या रीतीने बोलावणाऱ्यास ‘निरोप घेतोस काय?’ असे विचारील. अशा वेळी एकतर यंत्र सुधारते, नाहीतर मनुष्य यंत्रासाठी आपली सवय बदलतो. आणि दुसरी गोष्ट अधिक सोपी असल्यामुळे नकळत तीच घडते.

हे टाळावयाचे असेल, तर यंत्रे घडविणाऱ्यांत आपल्यापैकीही कोणी असले पाहिजे. त्याला आज फारसा खर्च नाही. शाळेच्या संगणकास साधा कॅमेरा असला, तरी हाताचे ते २१ बिंदू टिपणारी आज्ञावली विनामूल्य मिळते. ती चालवून पाहावी. आजीचा सुरकुतलेला हात तिला ओळखतो का, मेंदी लावलेला हात ओळखतो का, कंदिलाच्या उजेडात ती कोठे चुकते, ह्याची वहीत नोंद करावी. आणि आपल्या गावात कर्णबधिर मुलांची शाळा असेल, तर तेथे जाऊन दहा खुणा त्या मुलांकडून शिकून याव्यात. त्यांतील किती खुणा नुसत्या हातांनी पुऱ्या होतात आणि किती खुणांना चेहरा लागतो, हे मोजावे. उद्या ज्याला ह्या मुलांसाठी यंत्र तयार करावयाचे आहे, त्याचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.